मागची उडी घाईने शिकू नका

तुमच्या घरात आठ-दहा वर्षांची मुलगी असेल आणि ती दिवाणावर मागे कलंडून बघत असेल, तर तिला रागावू नका. तिला बॅक हँडस्प्रिंग शिकायची आहे. तिने ती मोबाइलवर पाहिली असेल, शाळेतल्या एखाद्या मैत्रिणीची पाहिली असेल, किंवा टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात पाहिली असेल. उभ्या उभ्या मागे झेपावायचं, हातांवर यायचं आणि क्षणात परत पायांवर उभं राहायचं. कुठल्याही मुलाला हवीशी वाटावी अशीच ही उडी आहे. काही वर्गांत मुलं तिला नुसतं ‘फ्लिक’ म्हणतात.

ही उडी शिकता येते. नीट वर्गात जाणारी, नेमाने सराव करणारी बहुतेक मुलं ती शिकतात. पण ती घाईने शिकायची नसते, आणि घरी एकट्याने तर मुळीच नाही. मुलांना हे सांगून पटत नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

आजच एक काम करा. घरात, गच्चीवर, अंगणात आणि वाळूत मागच्या उड्या बंद करा.

पलंगावरची गादी मऊ असते, म्हणून ती सुरक्षित वाटते. तसं नाही. मऊ गादीत हात रुततो, मनगट मुडपतं आणि शरीर वर उचललं जात नाही. मग डोकं खाली अडकतं. शिवाय पलंगाची कड, खिडकीचे गज, कपाटाचा कोपरा, सगळं हातभर अंतरावर असतं. फरशीवर सतरंजी टाकली तर ती सरकते. पायमोजे असले तर पाय घसरतो.

चौपाटीवर आणि कोकणातल्या किनाऱ्यांवर संध्याकाळी मुलं वाळूत उड्या मारताना दिसतात. ओली वाळू अंगाला घट्ट लागते. कोरडी वाळू पाय धरून ठेवते, जोर मिळू देत नाही आणि उडी अर्ध्यात राहते. तुम्ही पाहता ती मुलं बरीच वर्षं पडत-उठत तिथवर आलेली असतात. तुमच्या मुलाने एक संध्याकाळ बघून तसं करायला जाऊ नये.

मोबाइलचंही तसंच आहे. तिथे जमलेली उडी दिसते. त्याआधी किती वेळा पडलं, कुणी धरलं, खाली काय अंथरलं होतं, यातलं काही दिसत नाही.

दादाने कमरेला ओढणी बांधून धरायचं आणि ताईने उडी मारायची, असेही प्रकार घरोघरी चालतात. ते थांबवा. उडणाऱ्या मुलाला धरणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. चुकीच्या जागी धरलं तर न धरण्यापेक्षा जास्त इजा होते.

आता ही उडी होते कशी, ते सांगते. तुम्हाला ती मारायची नाही. पण माहीत असेल तर वर्गात बसून बघताना तुम्हाला कळेल की काय चाललं आहे.

मूल हात वर करून, दंड कानांना लावून उभं राहतं. मग खुर्चीत बसायला जावं तसं मागे बसतं. गुडघे पुढे सरकू द्यायचे नाहीत. छाती खाली झुकू द्यायची नाही. तोल मागे जातो. तो गेला की पायांनी जमीन जोरात ढकलायची आणि हात मागे न्यायचे. शरीराची कमान होते, हात टेकतात, पाय वरून पुढे येतात. हात टेकल्या क्षणी खांद्यांनी जमीन ढकलायची. मग पाय एकदम खाली येतात आणि मूल उभं राहतं.

सगळं अडतं ते तोल मागे सोडण्यापाशी. घाबरलेलं मूल मागे जात नाही, ते वर उडतं. मग हात पायांच्या अगदी जवळ पडतात. कोपरं वाकतात आणि डोकं जमिनीला लागतं. बघणाऱ्याला वाटतं, उडी उंच झाली, छान झाली. पण ही उडी उंच मारायची नसतेच, ती लांब मारायची असते. मूल जितकं मागे लांब जाईल तितकं डोकं सुरक्षित राहतं. वर्गात बसाल तेव्हा एवढं एक बघा: पाय जिथून सुटले आणि हात जिथे टेकले, त्यांच्यात अंतर किती आहे.

दुसरं बघायचं ते हात. ते खांद्यांइतके अंतर ठेवून टेकले पाहिजेत. बोटं किंचित आतल्या बाजूला वळलेली बरी. त्याने कोपर उलटं ताणलं जात नाही. आणि कोपरं सरळ राहिली पाहिजेत. ती वारंवार वाकत असतील तर उडी थांबवायची आणि हातांवर उभं राहण्याच्या सरावाकडे परत जायचं. प्रशिक्षकांनी स्वतःहून थांबवलं तर वाईट वाटून घेऊ नका. ते मुलाच्या मानेची काळजी घेत आहेत.

या उडीच्या आधी काय काय यायला हवं?

आधी पुढची कोलांटी. मग मागची कोलांटी. मागची मुलांना आवडत नाही, कारण ती दिसायला साधी आणि करायला अवघड. पण डोक्यावरून मागे जाताना हातांनी जमीन ढकलून मानेवरचा भार काढायचा, हे तिच्यातच पहिल्यांदा कळतं. ती टाळून पुढे जाऊ देऊ नका.

मग हातांवर उभं राहणं. मला विचाराल तर सगळं इथेच आहे. भिंतीकडे पोट करून उभं राहायचं, पाठ करून नाही. पाठ भिंतीला लावली की कंबर वाकते, पोट पुढे येतं, आणि तीच सवय उडीत उतरते. पोट भिंतीकडे, कोपरं सरळ, दंड कानांना लागलेले, पाय जुळलेले. असं तीस आकडे मोजेपर्यंत न डगमगता राहता आलं पाहिजे. मग तिथेच खांदे कानांकडे ढकलायचे आणि सैल सोडायचे, पुन्हा ढकलायचे. उडीत हात टेकतात त्या क्षणी मुलाच्या वजनापेक्षा जास्त भार हातांवर येतो. उभ्या स्थितीत स्वतःचं वजन पेलत नसेल, तर उडीत कसं पेलणार?

हे एक काम घरी करायला हरकत नाही. भिंतीशी जागा मोकळी करा. खाली न सरकणारी चटई टाका. मोठं माणूस जवळ असू द्या.

कार्टव्हील आणि राउंड ऑफ मुलं लवकर शिकतात, त्यावर जास्त लिहीत नाही. राउंड ऑफचं काम एवढंच की पुढे धावत आलेल्या मुलाला ते वळवून मागच्या दिशेने सोडतं. ते आळशी असेल, पाय वेगवेगळे पडत असतील, तर त्याच्यापुढची फ्लिक वाकडी जाते. म्हणून ते घासूनपुसून करून घ्यावं लागतं.

आता कमान. आपण चक्रासन म्हणतो तीच. पुष्कळ मुली ती फक्त कमरेतून करतात. खांदे हलत नाहीत, सगळा वाक पाठीच्या खालच्या भागात येतो. दिसायला कमान मोठी दिसते आणि घरचे कौतुक करतात. थोडं थांबून बघा. खांदे हातांच्या वर आले आहेत का? पाय सरळ करायचा प्रयत्न केला तर वाक खांद्यांत येतो का? येत नसेल तर आधी खांदे मोकळे करायचे. कमरेवर जोर देत राहिलं तर पुढे दुखणं ठरलेलं आहे.

इथे पालकांचा एक गैरसमज होतो. मुलगी कमान टाकून हळूच मागे पाय नेते, म्हणजे बॅक वॉकओव्हर करते. मग घरच्यांना वाटतं, आता फ्लिक आलीच. ती वेगळी गोष्ट आहे. वॉकओव्हरमध्ये हळू जायचं असतं आणि लवचीकपणा लागतो. फ्लिकमध्ये ढकलावं लागतं आणि ताकद लागते. फार लवचीक मुलीला फ्लिक कधी कधी जास्त अवघड जाते, कारण तिची कंबर आधी वाकते आणि पायांचा जोर मागे राहून जातो. तिच्या पोटाची आणि पायांची ताकद वाढू द्या.

एवढं झालं की प्रशिक्षक मुलाला पिंपाच्या आकाराच्या गादीवरून मागे लोळवतात. मग उताराच्या गादीवर, म्हणजे वरून खाली, हात धरून. मग सपाट गादीवर, धरून. मग नुसता हात लावून. मग जवळ उभं राहून. शेवटी एकटं. या क्रमात मुलगी कुठे आहे, हे त्यांना विचारा. उत्तर सांगता येणारा माणूस चांगला. ‘होईल हो लवकरच’ एवढंच म्हणणाऱ्याला पुन्हा विचारा.

‘किती दिवस लागतील?’ हा प्रश्न मात्र विचारू नका. एखादं मूल काही महिन्यांत शिकतं, एखाद्याला दोन वर्षं लागतात. दोघांची उडी शेवटी सारखीच दिसते. त्रिपुराच्या दीपा कर्माकरचं उदाहरण घ्या. ती सहा वर्षांची असताना जिम्नॅस्टिक्सला लागली. तिचे तळपाय सपाट होते, आणि या खेळात ती मोठी अडचण असते. प्रशिक्षक विश्वेश्वर नंदी यांनी तिला वर्षानुवर्षं घडवलं. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती व्हॉल्टमध्ये चौथी आली, तेव्हा तिला तेविसावं वर्ष पूर्ण झालेलं होतं. पदक 0.15 गुणांनी हुकलं. त्याआधी एकही भारतीय मुलगी जिम्नॅस्टिक्ससाठी ऑलिंपिकला पोहोचली नव्हती.

या खेळाने स्वतःच्या नियमांतही घाई कमी केली आहे. 1976 साली नादिया कोमानेचीने मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये पूर्ण दहा गुण मिळवले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आज तिला त्या वयात तिथे उतरता आलं नसतं. 1997 पासून मुलींसाठी किमान वय सोळा केलं आहे.

वर्ग निवडायचा कसा?

पैसे भरण्याआधी जाऊन बसा. एक पूर्ण तास बसा. बसू देत नसतील तर दुसरा वर्ग बघा.

खाली काय आहे ते पायाने दाबून बघा. गाद्या एकमेकींना चिकटून आहेत का? दोन गाद्यांमधल्या फटीत पाय गेला की घोटा मुरगळतो. भिंत, खांब, खिडकी किती लांब आहे? एका प्रशिक्षकाकडे किती मुलं आहेत? उडी शिकवताना इतर मुलं रांगेत आहेत की भोवती पळत आहेत? ट्रॅम्पोलिन असेल तर एका वेळी एकच मूल असावं. त्यात सवलत नाही.

गाद्यांचा विषय मी उगाच ताणत नाही. व्हॉल्टमध्ये एक प्रकार आहे. धावत येऊन राउंड ऑफ करून उडीच्या फळीवर पडायचं आणि तिथून फ्लिक मारत टेबलावर हात टेकायचे. सोव्हिएत संघाच्या नताल्या युरचेंकोचं नाव त्याला मिळालं आहे. 1988 साली अमेरिकेची हुलिसा गोमेझ ही उडी मारायला गेली आणि तिचा पाय फळीवरून घसरला. तिची मान मोडली. तीन वर्षांनी ती गेली. त्यानंतर या उडीसाठी फळीभोवती इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची गादी ठेवणं सक्तीचं झालं. तुमच्या वर्गात कुणी म्हणालं की आमच्या मुलांना एवढ्या गाद्या लागत नाहीत, तर तिथून उठा.

प्रशिक्षकांचं शिक्षण विचारायला संकोच करू नका. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत जिम्नॅस्टिक्स शिकवण्याचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो केलेली माणसं महाराष्ट्रात आहेत. पण भिंतीवरचं प्रमाणपत्र पुरेसं नाही. ते मुलांशी कसं बोलतात, रडणाऱ्या मुलाचं काय करतात, तेही बघा.

तुमच्या गावात जिम्नॅस्टिक्सचा वर्ग नसेल तर हिरमुसू नका. मल्लखांब आहे का बघा. दादरच्या शिवाजी पार्कवरचं समर्थ व्यायाम मंदिर, अमरावतीचं 1914 पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही नावं तुम्ही ऐकली असतील. लहान गावांतल्या तालमी आणि शाळांतही मल्लखांब शिकवतात. तिथे मूल उलटं व्हायला, स्वतःचं वजन पेलायला आणि न घाबरता पडायला शिकतं. दोन वर्षं मल्लखांब केलेलं मूल जिम्नॅस्टिक्सला आलं की शिकवणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं.

आता एक नाजूक गोष्ट. ती टाळू नका.

ही उडी शिकवताना प्रशिक्षकांना मुलीला हात लावावा लागतो. एक हात कमरेच्या मागे, दुसरा मांडीच्या मागच्या बाजूला. हे योग्य आहे, यावाचून झेल देता येत नाही. मुलीला पहिल्या दिवशीच हे समजावून सांगा. कुठे हात लागेल, का लागेल, आणि कुठे लागता कामा नये. दार उघडं असावं. इतर लोक समोर असावेत. एकटीला ‘जादा सरावाला’ बोलावलं तर तुम्हीही सोबत जा.

आणि तिने कधी काही सांगितलं तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाच्या एका डॉक्टरने कितीतरी वर्षं मुलींशी गैरवर्तन केलं. मुली सांगत होत्या, मोठी माणसं ऐकत नव्हती. त्याला शिक्षा झाली ती 2018 साली. तोवर त्याने छळलेल्या मुलींची संख्या शेकड्यांत गेली होती. आपल्याकडे मुलांसाठी 1098 हा मदतीचा क्रमांक आहे. तो तुम्हालाही पाठ हवा आणि मुलीलाही.

वर्गाला पाठवताना घरच्या काही गोष्टी सांभाळा. जेवण होऊन दोन तास झालेले असावेत. कपडे अंगाबरोबर बसणारे, फार सैल नकोत. ओढणी नको. केस घट्ट बांधलेले, पण डोक्याच्या मागे टोकदार पिन नको. बांगड्या, पैंजण, गळ्यातली साखळी, कानातले लोंबते डूल घरीच काढून ठेवा. नखं कापा. पाय अनवाणी.

आणि खायला पोटभर द्या. मुलगी हलकी राहावी म्हणून भाकरी कमी करू नका. वर्गात कुणी तिच्या वजनावर बोललं तर जाऊन स्पष्ट सांगा की हे चालणार नाही. उड्या मारायला ताकद लागते आणि ताकद ताटातूनच येते. वरण, उसळ, दूध, अंडी, जे तुमच्या घरात चालतं ते. वयात आलेल्या मुलीची पाळी सराव वाढल्यावर थांबली, तर ते चांगलं लक्षण समजू नका. डॉक्टरांना दाखवा. पाळीच्या दिवसांत तिला उलटं व्हायचं नसेल तर त्या दिवशी सुट्टी. कारण विचारत बसू नका.

भीतीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण घरात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे.

मूल गादीवर उभं राहतं. हात वर करतं. सगळे बघतात. आणि ते मागे जात नाही. पुन्हा हात वर करतं, पुन्हा थांबतं. बाहेर बसलेले आई-बाबा अस्वस्थ होतात. कुणी ओरडतं, ‘अगं मार ना, काही होत नाही!’

असं ओरडू नका. काही होऊ शकतं, आणि तिच्या शरीराला ते कळतं. मागे दिसत नसताना मागे झेपावायला घाबरणं हे शहाणपणाचं आहे. अर्ध्या मनाने मारलेली उडी ही मुळीच न मारलेल्या उडीपेक्षा धोक्याची असते. पाय सुटतात आणि मध्येच मूल मागे फिरू बघतं, तेव्हाच डोकं आपटतं.

सिमोन बाइल्सला जगातली सर्वोत्तम जिम्नॅस्ट मानतात. 2021 मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तिला हवेत असताना आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं. एक व्हॉल्ट झाल्यावर ती सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. अनेकांनी तिला नावं ठेवायची ती ठेवली. पण ती शांतपणे थांबली, नंतर फक्त बीमवर उतरली. 2024 मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदकं आणि एक रौप्यपदक घेतलं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. तुमच्या मुलीने एका संध्याकाळी उडी मारली नाही, म्हणून घरी अबोला धरू नका.

मग काय करायचं? प्रशिक्षकांना सांगून तिला एक पायरी खाली नेऊ द्या. उताराच्या गादीवर परत. तिथे सोपं वाटेपर्यंत तिथेच. घरी त्या दिवशी उडीचा विषय काढू नका. ‘आज काय झालं?’ याऐवजी ‘भूक लागली का?’ विचारा. आणि शेजारच्या मुलीला आली, तुला का नाही, हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका.

बक्षिसाचं आमिषही नको. सायकल मिळणार म्हणून मूल मन तयार नसताना उडी मारतं. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना आरक्षण आहे, या गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ठेवायच्या नसतात.

दुखण्याकडे लक्ष द्या. मुलं दुखणं लपवतात, कारण सराव बंद होईल ही भीती असते.

मनगट दुखत असेल, हात टेकला की कळ येत असेल, तर आठवडाभर हातांवरचा सराव थांबवा. मुलांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात. त्या जागी सतत मार बसला तर वाढीलाच इजा होते. आठवड्यानेही थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मालीश करू नका, ओढून बसवून घेऊ नका.

पाठीच्या खालच्या भागात, विशेषतः मागे वाकताना दुखत असेल, तर तेही अंगावर काढू नका. वारंवार मागे वाकल्याने खालच्या मणक्याच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते. लवकर कळलं तर विश्रांतीने बरं होतं.

आणि दुखणं पूर्ण बरं झाल्याशिवाय स्पर्धेसाठी पाठवू नका, मग ती कितीही मोठी असो. सोव्हिएत संघाची येलेना मुखिना 1978 ची विश्वविजेती. 1979 मध्ये तिचा पाय मोडला. तो नीट भरण्याआधी तिला सरावाला उतरवलं. मॉस्को ऑलिंपिकला दोन आठवडे उरले होते. 1980 च्या जुलैमध्ये मिन्स्कला सराव करताना ती उडी पूर्ण फिरवू शकली नाही, मानेवर पडली आणि मानेखाली लुळी झाली. ती वीस वर्षांची होती. 2006 मध्ये ती गेली, तोपर्यंत तशीच होती.

एवढं करूनही मूल पडू शकतं. म्हणून हे आधीच ठरवून ठेवा.

मान दुखते म्हणाली, हातापायांना मुंग्या येतात म्हणाली, किंवा हात-पाय हलत नसतील, तर तिला उचलू नका. बसवू नका. मान सरळ करायला जाऊ नका. पाणी पाजू नका. डोकं आहे तसं दोन्ही हातांनी हलकेच धरून ठेवा आणि 108 ला फोन करा. गाडीत घालून दवाखान्यात पळवण्याची घाई इथे सगळ्यात महागात पडते.

डोकं आपटलं आणि नंतर उलटी झाली, गुंगी आली, बोलणं विसंगत वाटलं, तर लगेच रुग्णालय. यातलं काहीच झालं नाही तरी त्या दिवशी सराव बंद, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंदच.

उडी आली की घरात आनंद होतो. व्हायलाच हवा. पण त्याच आठवड्यात शाळेच्या गॅदरिंगच्या बाई विचारतात, ‘नाचात एक उडी घालू या?’ नम्रपणे नाही म्हणा. लाकडी मंच, पायाखाली तारा, डोळ्यांवर दिवे, बाजूला दुसऱ्या मुली, अंगावर जरीचा घागरा. वर्गात धरून मारलेली उडी तिथे एकटीने मारायची नसते. बाईंना सांगा, कार्टव्हील घाला, हातांवर उभी राहील. तेही सुंदर दिसतं.

पुढे राउंड ऑफला जोडून फ्लिक येते. मग दोन फ्लिक सलग. मग मागची हवेतली कोलांटी, जिला मुलं बॅक टक म्हणतात. तिथे सगळं बदलतं. फ्लिक लांब जायची, टक उंच जायची. म्हणून फ्लिक कच्ची असताना टककडे नेऊ देऊ नका. एकीच्या सवयी दुसरीत मिसळतात आणि दोन्ही बिघडतात.

आणखी एक गोष्ट बहुतेक पालकांना कुणी सांगत नाही. बारा-तेरा वर्षांचं मूल झपाट्याने उंच होतं. हात-पाय लांब होतात, वजन वाढतं, आणि कालपर्यंत येणारी उडी अचानक येईनाशी होते. मुलगी रडते, म्हणते मला काहीच येत नाही. तिच्यात काही कमी झालेलं नाही. तिचं शरीर बदललं आहे आणि अंदाज जुना आहे. अशा वेळी स्पर्धा काही महिने बाजूला ठेवा. प्रशिक्षकांशी बोलून तिला परत पिंपाच्या गादीवर आणि उताराच्या गादीवर न्या. भिंतीशी हातांवर उभं राहणं रोज पुन्हा सुरू करा. या वेळी तिला फार वेळ लागणार नाही.